सॉस, टोमॅटो, साधा

रविवारी सकाळी ठीक नऊ वाजता आजोबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले. त्यावर सहा किलो टोमॅटो, दोनशे सत्तर ग्रॅम गाजरे, वजनकाटा, मोजपट्टी आणि नोंदवही असे सामान डावीकडून उजवीकडे मांडले आणि स्वयंपाकघराचे दार आतून लावून घेतले.

“अहो, दार कशाला लावलंत?” बाहेरून आजींचा आवाज आला.

“काम चालू आहे.”

“ते माझं स्वयंपाकघर आहे!”

“सहा आठवडे माझं आहे. प्लॅस्टर निघालं की ताबा परत देईन. सहीनिशी.”

आजींचा उजवा हात बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. पायपुसण्यावरून पाय घसरल्याचे निमित्त झाले आणि घराचे रांधपाचे खाते एका दुपारीत पोरके झाले. मुलगा आणि सूनबाई साडेआठला घर सोडत, सातला परतत. उरले आजोबा. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांची अडतीस वर्षे गेली होती. एक सहस्रांश इंचाने जाड निघालेला दांडा त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नव्हता. आणि चहा सोडला तर चुलीवर कधी काही ठेवले नव्हते.

एवढ्यावर निभावले असते तर बाहेरून डबा लावून भागले असते. पण त्याच आठवड्यात नातीच्या रक्ताचा अहवाल आला. नात सहा वर्षांची. घरात तिला बाईसाहेब म्हणत, कारण तिने एकदा नाकारलेल्या घासाचे अपील कोठेही चालत नसे. भातात मुंगीएवढा हिरवा कण असला, तरी तो बोटाच्या चिमटीत पकडून ती ताटाच्या कडेला ठेवी. आणि असे कण तिथे एका रेषेत, सारख्या अंतरावर मांडले जात. हा व्यवस्थितपणा कोणाकडून आला, याबद्दल घरात दुमत नव्हते.

भाजी न खाणेही उपरे नव्हते. तिचे वडील, म्हणजे घरातले चिरंजीव, छत्तीस वर्षांचे झाले तरी बटाट्यापलीकडे गेले नव्हते. आणि आजोबा तर “मला आयुष्यात कधी भाजी लागली नाही,” असे छाती पुढे काढून सांगत. सूनबाई स्वतःपुरती आणि सासूबाईंपुरती भाजी करून घेत. उरलेल्या तीन पिढ्यांपुढे त्यांनी केव्हाच हात टेकले होते.

“नऊ पूर्णांक चार,” डॉक्टरीणबाईंनी हिमोग्लोबिनचा आकडा वाचला होता. “सहा आठवडे देते. भाज्या पोटात जाऊ देत. आकडा अकराच्या वर आला तर ठीक, नाहीतर मग इंजेक्शनं द्यावी लागतील.”

इंजेक्शन हा शब्द ऐकल्यापासून घर येईपर्यंत बाईसाहेबांनी आजोबांचे बोट सोडले नाही. फाटकापाशी पोचल्यावर तिने हळूच विचारले, “आजोबा, मोठी सुई असते?”

“सुई लागणारच नाही.”

“नक्की?”

“माझा शब्द.”

कारखान्यात आजोबांची हमी मिळवायला लोकांना महिनोन् महिने लागत. ही हमी त्यांनी फाटकापाशी उभ्याउभ्या दिली.

म्हणून हा रविवार. आजोबांनी आदल्या दिवशी पूर्ण आराखडा काढला होता. बाईसाहेबांना टोमॅटोचा सॉस चालत असे. म्हणजे वाहक पदार्थ सॉस. आठवड्याचा सॉस रविवारी एकदम करायचा, डब्यांत भरून फ्रीजरमध्ये गोठवायचा, रोज संध्याकाळी तीन डबे काढायचे. एक नातीला, दोन चिरंजीवांना. सोमवारी तो पास्त्यावर, मंगळवारी भातावर, बुधवारी उकडलेल्या बटाट्यावर, असा एकच सॉस सहा वेश घेऊन येईल. सहा दिवसांचे डबे अठरा, प्रत्येकी अडीचशे ग्रॅम. आणि त्यात भाजी, शिजवून, वाटून, चाळणीतून दोनदा गाळून. पहिल्या आठवड्यात सहा टक्के, मग दर आठवड्याला चार टक्क्यांची वाढ. जिभेला चढण लागू नये इतक्या बेताने.

इथवर आराखड्यात एकही दोष नव्हता. दोष राहिला तो गुप्ततेच्या कलमात. आजोबांच्या मते गुपित फुटण्याचा धोका ते ठाऊक असणाऱ्या माणसांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ती संख्या त्यांनी एकवर आणून ठेवली. गाजराची साले त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः बाहेर नेऊन टाकली, आणि प्रत्येक डब्यावर छापील अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: ‘सॉस, टोमॅटो, साधा’.

सोमवारी संध्याकाळी बाईसाहेबांनी ताट जवळ ओढले, पास्ता काट्याने उचलून खालून पाहिला, आणि विचारले, “यात काय आहे?”

“चिठ्ठी वाच.”

“सॉ-स. टो-मॅ-टो. सा-धा.” तिने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी चष्मा पुसायला घेतला. तिने पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि ताट रिकामे केले. त्या रात्री नोंदवहीत ‘स्वीकृत’ असा शेरा पडला.

ती चिठ्ठी आणखी दोघींनी वाचली होती.

“अहो,” आजी दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई भाज्या द्या म्हणाल्या ना? आणि तुम्ही नुसते टोमॅटो काय उकळत बसलाय?”

“योग्य ते चाललं आहे.”

“काय योग्य? पोरीला सुई टोचायची वेळ येईल!”

“येणार नाही. आराखडा आहे.”

“कुठे आहे, दाखवा.”

“आराखडे दाखवायचे नसतात. अमलात आणायचे असतात.”

संध्याकाळी सूनबाईंनी वेगळ्या वाटेने प्रयत्न केला. “अण्णा, सॉस छान झालाय हं. त्यात चमचाभर पालक वाटून घातला तर—”

“मूळ मिश्रणात बदल नको,” आजोबांनी विषय संपवला.

सूनबाई गप्प बसल्या. आजीही गप्प बसल्या. आजोबांनी याचा अर्थ दोघींना पटले असा घेतला. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही आजींच्या गप्प बसण्याचा असा अर्थ घेणारा माणूस विरळाच म्हणायचा.

सॉस डब्यांत भरण्यापूर्वी गार व्हावा लागे. नोंदवहीप्रमाणे त्यासाठी अकरा ते एक अशी वेळ ठरली होती. पातेले झाकून ओट्यावर, वारा खेळावा म्हणून दार उघडे. या वेळात आजोबा अकरा ते साडेअकरा आंघोळ करीत आणि साडेअकरा ते एक शब्दकोडे सोडवीत. आयुष्यभर त्यांनी वेळ पाळली होती; त्यामुळे पातेले कोणत्या मिनिटाला बेवारस असते, हे घरातल्या भिंतींनाही पाठ होते.

दुसऱ्या रविवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी, न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू होताच, आजी स्वयंपाकघरात शिरल्या. आदल्या संध्याकाळी आजोबा फिरायला गेलेले असताना त्यांनी भोपळा उकडून, भांडे गुडघ्यांत धरून, डाव्या हाताने चमच्याच्या पाठीने ठेचून ठेवला होता. ते वाटीभर पिवळे लोणी त्यांनी पातेल्यात सोडले, ढवळले, झाकण होते त्याच कोनात ठेवले आणि जाऊन माळ जपत बसल्यासारख्या शांतपणे खिडकीत बसल्या.

अकरा चाळीसला सूनबाई कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने उठल्या. त्यांनी वाटलेला पालक बर्फाच्या साच्यात गोठवला होता. वाटाण्याच्या पिशवीमागून सहा हिरवे ठोकळे निघाले आणि पातेल्यात गडप झाले.

एक वाजता आजोबांनी डबे भरायला घेतले. अठरा डबे भरले, आणि पातेल्यात सॉस उरला. त्यांनी डबे पुन्हा मोजले. मग वजनकाट्यावर पाव किलोचे वजन ठेवून काटा तपासला. काटा निर्दोष होता. आणखी दोन डबे शोधून ते भरावे लागले.

“टोमॅटोत पाणी जास्त दिसतंय या वेळी,” त्यांनी जाहीर केले.

“असेल हो,” आजी म्हणाल्या.

“पावसाळी माल असणार,” सूनबाई म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलेही नाही. एकीला दुसरीचा पत्ता नव्हता.

रंग मात्र बिघडला होता. आजोबांकडे भिंतीच्या रंगांचे एक जुने नमुनापत्रक होते; पहिल्या आठवड्याचा सॉस त्यातल्या एकोणिसाव्या चौकोनाशी तंतोतंत जुळत होता. आता तो चोवीस आणि पंचवीसच्या मध्ये, तपकिरीकडे झुकत होता. उपाय उघड होता. तिसऱ्या रविवारी त्यांनी गाजराला बीटची जोड दिली. लाली परत आली.

ती लाली पाहून सूनबाईंना वाटले, आपला पालक फारच तुटपुंजा पडतो. त्यांनी बारा ठोकळे टाकले. आजींनी आंघोळीच्या वेळेत बोट बुडवून चव घेतली, ती मातकट लागली, म्हणून भोपळ्याची वाटी जाऊन वाडगा आला. त्या रविवारी तेवीस डबे भरले. फ्रीजरचे दार लागेना. आजोबांनी ते खुर्चीने टेकवून बंद केले आणि वहीत लिहिले: ‘उत्पादन अपेक्षेपेक्षा अठ्ठावीस टक्के जास्त. कारण अज्ञात.’

चवथ्या आठवड्यात सॉसचा रंग नमुनापत्रकात सापडेनासा झाला. चमचा त्यात उभा केला की उभाच राही.

“अण्णा,” चिरंजीव ताटाकडे पाहत म्हणाले, “हा सॉस आहे की गिलावा?”

“खा मुकाट्याने. टोमॅटोच आहे.”

“नाही, चव मस्तच आहे हो. पण काल माझा काटा यात अडकला.”

बाईसाहेबांचे या बोलण्याकडे लक्ष नव्हते. त्या जेवत होत्या. पोळून निघालेल्या विटेच्या रंगाचा तो ढीग त्या दररोज तळापर्यंत साफ करीत, आणि शुक्रवारी तर त्यांनी वडिलांच्या ताटातला चमचाभर उचलला. तीन मोठी माणसे टेबलाच्या तीन बाजूंनी डोळ्यांत तेल घालून हे पाहत होती, आणि तिघांनाही हे आपलेच यश वाटत होते.

पण पाचव्या आठवड्याच्या अखेरीस बाईसाहेबांनी एक प्रश्न विचारला. “आजोबा, जांभळे टोमॅटो असतात का?”

तिघांचे धाबे दणाणले. तपासणीला आठ दिवस उरले होते. आता संशय पक्का झाला आणि पोरीने ताट सारले, तर सारेच मुसळ केरात. रविवारी आजोबांनी नोंदवहीत ‘भाजी: शून्य’ असे लिहिले आणि बीटची पिशवी तशीच गुंडाळून ठेवली. एक आठवडा विश्रांती, संशय विरेल, असा हिशेब. आजी अकराला उठल्या, पातेल्याजवळ जाऊन क्षणभर थांबल्या, आणि भोपळा तसाच घेऊन परत आल्या. सूनबाईंनी अकरा चाळीसला खरोखरच कपडे वाळत घातले.

एक वाजता अठरा डबे भरले. पातेल्यात थेंब उरला नाही. रंग एकोणिसावा चौकोन. आजोबांनी पाच आठवड्यांत प्रथमच शीळ घातली.

सोमवारी बाईसाहेबांनी पहिला घास तोंडात घेतला, चघळला, आणि काटा खाली ठेवला.

“हा नाही.”

“म्हणजे?”

“हा सॉस नाही. आपला द्या.”

“अगं, हाच आपला. बघ किती लाल आहे!”

“याला काहीच लागत नाही,” तिने ताट पुढे सरकवले.

मंगळवारीही तेच. बुधवारी ती दोन पावाचे तुकडे आणि पाणी घेऊन उठू लागली, तेव्हा आजोबांचा धीर सुटला. शनिवारी सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंची वेळ होती.

“थांबा सगळे,” ते म्हणाले. त्यांनी नोंदवही ताटांच्या मध्ये ठेवली. “दोष कुठे आहे ते शोधल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पाच आठवडे माल चालला, सहाव्या आठवड्यात परत आला. याचा अर्थ, यात काहीतरी कमी आहे. काय कमी आहे?”

सूनबाई पाण्याचा पेला फिरवत होत्या. आजी प्लॅस्टरवरची नातीने काढलेली चित्रे निरखत होत्या. शेवटी आजी खाली मान घालून म्हणाल्या, “भोपळा.”

“काय?”

“भोपळा कमी आहे. दर रविवारी घालत होते. तुम्ही आंघोळीला गेलात की.”

“आई!” सूनबाईंच्या हातातून पेला निसटता निसटता राहिला. “तुम्ही भोपळा घालत होतात? मी पालक घालत होते!”

“पालक? तरीच मेलं मातकट लागायचं!”

“बीट माझं,” आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली कोणी ऐकला नव्हता. “आणि गाजर. पहिल्या दिवसापासून.”

“म्हणजे साधा सॉस नव्हताच तो?” आजी ताडकन वर पाहून म्हणाल्या. “मग मला सांगायला काय झालं होतं? डाव्या हाताने ठेचून ठेचून माझा तोही हात गेला असता!”

“तू तरी कुठे सांगितलंस?”

“तुम्ही ऐकलं असतंत?”

या गदारोळात चिरंजीवांचा चमचा हवेतच राहिला होता. “एक मिनिट,” ते म्हणाले. “भोपळा. पालक. बीट. आणि मी रोज दोन डबे...” त्यांनी चमचा अलगद ताटात ठेवला, खुर्ची मागे सारली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. “छत्तीस वर्षं,” ते काचेला म्हणाले. “छत्तीस वर्षं मी जपलं होतं.”

तेव्हा सर्वांना आठवण झाली की मुख्य आरोपकर्ती टेबलावरच आहे. बाईसाहेबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिले. मग त्या खुर्चीवरून उतरल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतले.

“संपलं,” सूनबाई म्हणाल्या. “आता ही सॉसलाच काय, पाण्यालासुद्धा विचारून तोंड लावेल.”

आजोबा नोंदवही घेऊन दाराशी गेले. आत शिरावे की नाही, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ते दाराबाहेरच्या बुटक्या स्टुलावर बसले.

“बाईसाहेब, भाजी घातली म्हणून रागावलीस?”

“नाही,” आतून आवाज आला.

“मग?”

“तुम्ही लिहिलं होतं साधा.”

आजोबांनी नोंदवही मांडीवर मिटून ठेवली. अडतीस वर्षांत दोन साहेबांनी आणि एका मालकाने त्यांना खोट्या चिठ्ठीवर सही करायला सांगितले होते, आणि तिन्ही वेळा त्यांनी पेन खिशात परत ठेवले होते. सहा आठवड्यांत मात्र त्यांनी शंभरावर डब्यांवर स्वतःच्या हाताने खोटे लिहिले होते, आणि तेही छापील अक्षरांत.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

दार चार बोटे उघडले. “तो जांभळा परत करणार?”

“तुला आवडतो?”

“हो. पण नीट लिहा.”

आजोबांनी खिशातून कोरी चिठ्ठी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि लिहिली: ‘टोमॅटो, बीट, गाजर, भोपळा, पालक’. फटीतून एक छोटा हात आला, चिठ्ठी आत गेली, अक्षर अक्षर लावून वाचली गेली.

“आणि सुई?” आतून विचारणा झाली.

“नाही लागणार. सांगितलंय ना.”

“‘साधा’ हेपण तुम्हीच सांगितलं होतं.”

आजोबांनी पेनाचे टोपण उघडले आणि पुन्हा लावले.

“मग असं करायचं,” बाईसाहेबांनी अट घातली. “शनिवारी आधी तुम्ही बोट द्यायचं. मग मी.”

“कबूल.”

गुरुवारी स्वयंपाकघराचे दार सताड उघडे होते. आजोबा वजन करीत होते, आजी डाव्या हाताने भोपळ्यावर हुकूम सोडत होत्या, सूनबाई पालक वाटत होत्या, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे प्रमाण चुकीचे वाटत होते. बाईसाहेब स्टुलावर उभ्या राहून चमच्याने चव घेत आणि “अजून जांभळा,” असे सांगत. चिरंजीव बाहेरच्या खोलीत कोरडा पाव खात निषेध नोंदवत होते. पण साडेसातला ते आत आले, म्हणाले, “फक्त बघतो,” आणि उभ्याउभ्या दोन डबे संपवून गेले.

शनिवारी डॉक्टरीणबाईंकडे सगळेच गेले. आजींचे प्लॅस्टर त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, सकाळीच निघाले होते. मोकळा, पांढरा पडलेला हात त्या सारख्या मिटून उघडून पाहत होत्या.

“आधी आजोबा,” बाईसाहेबांनी तपासणीच्या खोलीत शिरताच जाहीर केले.

“त्यांचं काय काम?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“तसा करार आहे,” आजोबा म्हणाले आणि लांब बाही नसतानाही बाही सारल्यासारखे करून बोट पुढे केले. टोचणी लागली, थेंब यंत्राच्या पट्टीवर गेला. आजोबांनी नातीकडे पाहून चेहरा अगदी सपाट ठेवला. “बघ. काही कळलंसुद्धा नाही.”

मग बाईसाहेबांनी डोळे गच्च मिटून बोट दिले. तेवढ्या दोन मिनिटांत आजोबांनी खोलीतल्या फरशा मोजल्या. आडव्या चौदा, उभ्या अकरा. मग उलट दिशेने पुन्हा मोजल्या.

“अकरा पूर्णांक आठ!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वा! अहो, सहा आठवड्यांत एवढी वाढ मी फार कमी पाहते. काय दिलंत?”

“टोमॅटो, बीट, गाजर, भोपळा, पालक,” बाईसाहेबांनी न अडखळता म्हणून दाखवले.

“हिला काही नको. इंजेक्शनबिंजेक्शन काही नाही. हेच चालू ठेवा.”

सूनबाईंनी लेकीला उचलून घेतले. आजोबांनी चष्मा काढून पुसला. या खेपेला तो खरोखरच धूसर झाला होता. दिलेला शब्द पाळला गेला होता. ते उठायला लागले.

“आजोबा, तुम्ही बसा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दुसऱ्या पट्टीकडे पाहत होत्या. मग त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढली. “गेल्या वर्षी तुमचा आकडा चांगला तेरा होता. आता दहाच्या खाली आलाय. खाण्यात काही बदल केलात का?”

“अजिबात नाही. पाव, बटाटा, अंडी, भात. नेहमीचंच.”

“आणि भाज्या?”

“भाज्या मी कधीच खात नाही,” आजोबा ताठ बसून म्हणाले. “जन्मात खाल्ल्या नाहीत. तरी तेरा होता, बघा.”

आजींनी घसा खाकरला.

“त्रेचाळीस वर्षं खाताय,” त्या म्हणाल्या.

आजोबांनी मान वळवली. “काय खातोय?”

“पालक, दुधी, भोपळा, फ्लॉवर. मिळेल ते.”

“कशात?”

“कशात नाही ते विचारा. यादी लहान होईल.”

“पण मला कधी...” आजोबांनी वाक्य अर्ध्यावर सोडले. अठरा डब्यांचे वीस झाले तेव्हा ज्यांनी वजन ठेवून काटा तपासला होता, ते आता डोळ्यांसमोरून त्रेचाळीस वर्षांची ताटे एकेक करून सरकवत होते, आणि एकाही ताटाची खात्री देता येत नव्हती. “कुस्करलेला बटाटा?” त्यांनी क्षीण आवाजात विचारले.

“अर्धा फ्लॉवर.”

“ऑम्लेट?”

“त्यात काय नव्हतं?”

चिरंजीव हळूहळू दाराकडे सरकू लागले होते. “आई,” ते म्हणाले, “मी लहान असताना तू...”

“तू मध्ये बोलू नकोस,” आजी म्हणाल्या. “तुझं नंतर सांगते.”

“मग हे सहा आठवडे काय झालं?” डॉक्टरीणबाईंनी हसू आवरत विचारले.

“हात एकच होता हो,” आजी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा खाली आला. “दोन्हीकडे पुरला नसता. मग तो हिच्या पातेल्यात घातला. म्हटलं, हे दणकट आहेत, सहा आठवडे निघतील.”

आजोबांनी बायकोच्या पांढऱ्या पडलेल्या हाताकडे पाहिले.

“तीन इंजेक्शनं घ्यावी लागतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पहिलं आजच देऊन टाकते.”

ट्रे आला. बाईसाहेब आईच्या कडेवरून खाली उतरल्या आणि आजोबांच्या बाजूच्या स्टुलावर चढून बसल्या. त्यांनी आजोबांचे बोट पकडले.

“मोठी आहे का गं?” आजोबांनी पुटपुटत विचारले.

तिने ट्रेकडे नीट निरखून पाहिले. “हो,” ती म्हणाली. “पण तुम्ही भिंतीकडे बघा आणि दहा मोजा.”

आजोबांनी मान भिंतीकडे वळवली आणि स्पष्ट आवाजात, प्रत्येक आकड्याला सारखा वेळ देत, मोजायला सुरुवात केली. सुई चारालाच निघाली. डॉक्टरीणबाईंनी कापूस लावून ट्रे उचलला, चिरंजीवांनी दार उघडले, आजींनी पिशवी खांद्याला लावली. पण सांगितले दहा होते; म्हणून बाकीचे सगळे दारात थांबून राहिले, आणि आजोबा भिंतीकडे पाहत पाच, सहा, सात मोजत राहिले.